जन्मजात केशदोष कसे ओळखावेत आणि फाइलमध्ये कसे लिहावेत

‘बाळाचे केस वाढतच नाहीत’ अशी तक्रार घेऊन पालक येतात आणि नवा निवासी डॉक्टर फाइलमध्ये लिहितो, ‘केस विरळ, वाढ कमी’. एवढ्या एका ओळीमुळे पुढचे कित्येक महिने वाया जाऊ शकतात. कारण यातल्या पुष्कळ मुलांचे केस वाढत असतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, इतरांचे वाढतात तसेच. फक्त ते वाढतात तितकेच तुटतातही. दोष वाढीत नसतो, केसाच्या घडणीत असतो. आणि ही घडण बहुतेक वेळा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

त्वचारोग किंवा बालरोग विभागात नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी हा लेख आहे. रुग्णनोंदी सांभाळणाऱ्या आणि निदानाला कोड देणाऱ्या सहकाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा. माझं सांगणं मुख्यतः एकच आहे: जे दिसलं ते आधी लिहा, त्याला नाव नंतर द्या. मुलाचे केस वयाबरोबर बदलतात, आपण दिलेलं नाव चुकीचं ठरू शकतं, पण नीट लिहिलेलं निरीक्षण दहा वर्षांनीही कामाला येतं.

केसाच्या रचनेबद्दल इथे थोडक्यात पुरे. बाहेर क्यूटिकलचे एकावर एक चढलेले पातळ खवले, आत केराटिन या प्रथिनाचा कॉर्टेक्स, आणि जाड केसांत मधोमध मेड्युला. केसाची ताकद कॉर्टेक्समध्ये असते आणि ती टिकते गंधकाच्या बंधांवर. त्वचेबाहेर आलेला केस मृत असतो, त्यामुळे तयार होताना राहिलेला दोष त्यात तसाच राहतो. सहा सेंटिमीटर लांबीचा केस म्हणजे साधारण मागच्या सहा महिन्यांची हकिकत.

पहिली पायरी: विचारा

जन्माच्या वेळी जावळ कसं होतं, हा पहिला प्रश्न. मोनिलेथ्रिक्समध्ये, म्हणजे मण्यांच्या माळेसारख्या केसांत, जावळ बहुधा अगदी नेहमीसारखं असतं. पहिल्या काही महिन्यांत ते गळतं आणि त्याजागी ठिसूळ, आखूड केस येतात. म्हणून ‘जन्मतः केस चांगले होते’ एवढ्यावरून जन्मजात दोष नाही असं ठरवू नका. उलट बाजूही ध्यानात ठेवा: दोन-चार महिन्यांच्या बाळाच्या डोक्याच्या मागच्या भागावरचे केस जाणं हा बहुतेकदा वाढीचाच भाग असतो आणि तो आपोआप भरून येतो.

केस कधी कापावे लागले का, हेही विचारा. तीन-चार वर्षांच्या मुलाचे केस कापायची वेळच आली नसेल, तर ते एक तर तुटतात, सहज उपटून येतात, किंवा त्यांचा वाढीचा काळच आखूड असतो. मग केसांवर काय काय केलं ते विचारा: उष्णता, रसायनं, घट्ट बांधणं, वारंवार घासणं. अशा कारणांनी तुटलेले केस जन्मजात दोषासारखे दिसू शकतात.

कुटुंबाबद्दल विचारताना ‘घरात कोणाला असं आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. आईवडील नात्यातले आहेत का? आईच्या माहेरच्या बाजूला लहानपणी झटके येऊन दगावलेले मुलगे होते का? बाळ जन्मताना त्वचेवर चकचकीत पापुद्रा होता का, अंग लालभडक होतं का? झटके, अंग ढिलं पडणं, दूध नीट न पिणं, उलट्या, आवाजाला न दचकणं, घाम न येणं, उन्हाने त्वचा पटकन भाजणं, वारंवार जंतुसंसर्ग, यातलं प्रत्येक स्वतंत्रपणे विचारा. ‘बाकी काही त्रास?’ असं एकत्र विचारलं की उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ येतं. केसांचा आणि ऐकू न येण्याचा काही संबंध असेल, हे पालकांच्या मनात येण्याचं कारणच नसतं.

जुने फोटोही मागा. पहिल्या वर्षातले फोटो आठवणीपेक्षा जास्त विश्वासाचे.

दुसरी पायरी: आधी मूल बघा, मग केस

बाळाला उजेडात घ्या. डोक्याचा मागचा भाग आणि मान यांवरून बोट फिरवा. तिथे खरखरीत, केसांच्या मुळांशी दाटलेल्या पुटकुळ्या आणि आखूड तुटके केस असतील, तर मोनिलेथ्रिक्स मनात ठेवा. भुवया आणि पापण्या बघा. तळहात-तळपाय जाड आहेत का? नखं, दात, त्वचेवरचे खवले, स्नायूंची ताकद? दोष डोकंभर आहे की एकाच ठिकाणी? एका ठिकाणच्या कुरळ्या केसांचा पुंजका हा लोकरी केसांचा नीव्हस (जन्मखूण) असू शकतो, आणि त्याचा अर्थ डोकंभर लोकरी केस असण्यापेक्षा फार वेगळा आहे.

मग केस हलकेच ओढून बघा. टोक हातात आलं तर केस तुटला, मूळ आलं तर तो उपटला. मुळासकट, न दुखता, सहज येत असतील तर तो सैल ॲनाजेन (वाढीच्या टप्प्यातल्या) केसांचा विकार असू शकतो. बारीक, आखूड केसांच्या लहान मुलींमध्ये तो जास्त आढळतो आणि वयाबरोबर बहुधा सुधारतो. मात्र उंची कमी असेल, चेहऱ्याची ठेवण वेगळी असेल किंवा हृदयात दोष असेल, तर नूनानसारख्या विकाराचा विचार करावा लागतो. त्यात एसएचओसी२ जनुकात बदल सापडतो.

तुटतो की नाही, हा पहिला फाटा आहे. मोनिलेथ्रिक्स, पिली टॉर्टी, ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसा, ट्रायकोऱ्हेक्सिस इन्व्हॅजिनाटा आणि ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी ही तुटणाऱ्या केसांची मंडळी; प्रत्येकाची ओळख पाचव्या पायरीत येते. पिली ॲन्युलाटी आणि न विंचरता येणारे केस हे वेगळे दिसतात, पण सहसा तुटत नाहीत. लोकरी केस मधोमध बसतात.

तिसरी पायरी: डर्मोस्कोप

केस न कापता, मूल मांडीवर असतानाच ट्रायकोस्कोपी, म्हणजे डर्मोस्कोप या हातात धरायच्या भिंगातून केस बघणं, करता येते. मोनिलेथ्रिक्समध्ये समान अंतरावर फुगवटे आणि आकुंचनं दिसतात आणि केस ठरावीक अंतराने वेगवेगळ्या दिशांना वाकलेला असतो. केसांचे सगळ्यात वाईट पुंजके कुठे आहेत हे इथे कळतं, आणि नमुना तिथूनच घ्यायचा. ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी मात्र डर्मोस्कोपने निसटू शकते. त्यामुळे ट्रायकोस्कोपी साधारण वाटली म्हणून सूक्ष्मदर्शक टाळू नका.

चौथी पायरी: नमुना घेणं आणि स्लाइड करणं

केसाच्या दंडाची (त्वचेबाहेरच्या भागाची, शाफ्टची) घडण बघायची असेल तर केस उपटू नका, डोक्याच्या त्वचेलगत बारीक कात्रीने कापा. उपटताना केस ताणला जातो, पिळला जातो, आणि मग आपणच केलेला दोष आपण वाचत बसतो. मुळाबद्दलच शंका असेल तेव्हा मात्र उपटावे लागतात. त्यासाठी रबर लावलेली चिमटी वापरा आणि एका झटक्यात, केस उगवतो त्या दिशेने ओढा.

वीस ते पन्नास केस घ्या. सगळ्यात बाधित जागेतून, एखाद्या बऱ्या वाटणाऱ्या जागेतून, आणि शंका असेल तर भुवईतूनही. मुळाकडचं टोक नेहमी एकाच बाजूला ठेवा. मी डावीकडे ठेवायला सांगते, कारण पुढे सगळी मोजदाद ‘मुळापासून किती अंतरावर’ अशी होते. केस एकमेकांवर चढू देऊ नका. एकावर एक पडलेले केस काचेखाली दाबले गेले की जिथे दाब पडतो तिथे ते चपटे होतात आणि हुबेहूब मण्यांसारखे दिसतात. याला छद्म-मोनिलेथ्रिक्स म्हणतात, आणि नव्या माणसाची फसगत इथेच होते.

नमुन्याचा एक भाग स्लाइडवर न लावता कागदी पाकिटात ठेवून द्या. पाकिटावर नोंदणी क्रमांक, जागा, तारीख आणि मुळाकडच्या टोकाची खूण हवी. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा गंधकाचं प्रमाण तपासायची गरज पडली, तर बाळाला पुन्हा त्रास द्यावा लागत नाही.

पाचवी पायरी: काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय

कमी भिंगापासून सुरुवात करा आणि प्रत्येक केस मुळापासून टोकापर्यंत बघा. दोष कुठे आहे यावर अर्थ बदलतो. टोकाकडे दोन-चार फाटे किंवा गाठी कोणाच्याही केसांत सापडतात, ती झीज असते. तान्ह्या बाळाच्या केसात मुळाजवळच गाठी असतील तर ती झीज नव्हे. एखादा पिळही निरोगी केसात दिसतो. म्हणून ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहून भागत नाही, किती केसांत आणि दंडाच्या कोणत्या भागात ते लिहावं लागतं.

मोनिलेथ्रिक्समध्ये फुगवटे आणि आकुंचनं ठरावीक अंतराने येतात. नीट समजून घेण्याची गोष्ट अशी की फुगवटा हा केसाच्या नेहमीच्या जाडीचा भाग असतो आणि दोष असतो आकुंचनात. तिथे मेड्युला नसते आणि केस तिथेच तुटतो. हा विकार १८७९ साली वॉल्टर स्मिथ यांनी वर्णिला. बहुतेक कुटुंबांत तो प्रभावी पद्धतीने उतरतो आणि केआरटी८१ किंवा केआरटी८६ या केराटिनच्या जनुकांत बदल सापडतो. आईवडिलांचे केस चांगले असतील तर डीएसजी४ मधल्या अप्रभावी प्रकाराचा विचार करा.

पिली टॉर्टी म्हणजे चपटा झालेला केस स्वतःच्या अक्षाभोवती अनियमित अंतरांवर पिळत जाणं. हे दिसलं की मी दोन गोष्टी थांबवू देत नाही. एक, श्रवणाची तपासणी: पिली टॉर्टी आणि आतल्या कानाचा बहिरेपणा यांच्या जोडीला ब्यॉर्नस्टाड सिंड्रोम म्हणतात, आणि ते बीसीएस१एल जनुकाशी जोडलेलं आहे. बहिरेपणा लवकर कळला तर मुलाची भाषा वाचते. दुसरी गोष्ट, बाळ मुलगा असेल, अंग ढिलं असेल, झटके येत असतील, शरीराचं तापमान उतरत असेल, तर मेंकेस विकाराची शंका त्याच दिवशी वरिष्ठांना सांगा.

मेंकेसबद्दल जरा जास्त बोलायला हवं. १९६२ साली जॉन मेंकेस यांनी हा विकार वर्णिला. एक्स गुणसूत्रावरच्या एटीपी७ए जनुकातल्या दोषामुळे आतड्यातून तांबं शरीरात नीट पोचत नाही, आणि तांब्यावर चालणारी विकरं (एन्झाइम) उपाशी राहतात. केसांचा पीळ, झटके, रक्तवाहिन्यांची नागमोडी ठेवण, सगळं त्यातून येतं. कॉपर हिस्टिडिनेट या तांब्याच्या संयुगाचे उपचार जितके आधी, जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, तितका उपयोगाचा संभव अधिक. इथे दोन सापळे आहेत. नवजात बाळाचे केस अजून नेहमीसारखे असू शकतात, म्हणून केसांवरून मेंकेस नाकारता येत नाही. आणि पहिल्या आठवड्यांत निरोगी बाळांच्या रक्तातही तांबं आणि सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहणारं प्रथिन) कमीच असतं, म्हणून त्या वयात या आकड्यांवर एकट्याने विसंबता येत नाही. रक्तातल्या कॅटेकोल रसायनांची पातळी आणि जनुकचाचणी लागते. काही वाहक मातांच्या केसांतही पिळलेले केस सापडतात, तेव्हा आईचे केसही बघा.

ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसामध्ये दंडावर गाठ दिसते, आणि जवळून पाहिलं तर दोन ब्रश एकमेकांत खुपसल्यासारखे कॉर्टेक्सचे तंतू विस्कटलेले असतात. हा सगळ्यांत जास्त आढळणारा दोष आहे आणि बहुतेक वेळा तो बाहेरच्या इजेमुळे होतो. पण लहान बाळात, मुळाजवळ, आणि सोबत उलट्या, सुस्ती किंवा विकासात मागेपणा असेल, तर अमोनिया आणि अमिनो आम्लांची तपासणी करा. अर्जिनिनोसक्सिनिक ॲसिड्युरिया या युरिया चक्राच्या विकारात असे केस येतात.

ट्रायकोऱ्हेक्सिस इन्व्हॅजिनाटामध्ये दंडाचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो, बांबूच्या पेरासारखा. केस त्या पेराशी तुटला की मागे फक्त पेल्यासारखं उघडं टोक उरतं, आणि तेही ओळखीला पुरतं. हे नेदरटन सिंड्रोमचं चिन्ह आहे: जन्मापासून लाल, सोललेली त्वचा, ॲलर्जीची प्रवृत्ती, आणि स्पिंक५ जनुकात दोष. बांबू केस पहिल्या वर्षात नसूही शकतात आणि असले तरी थोड्याच केसांत असतात, म्हणून भुवईचे केस तपासा आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासा. ही बाळं कित्येकदा एक्झिमा म्हणून हिंडत राहतात. त्यांच्या त्वचेतून औषधं जास्त प्रमाणात शोषली जातात, त्यामुळे टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाच्या मलमाची रक्तातली पातळी धोकादायक होऊ शकते. फाइलच्या पहिल्या पानावर हे ठळकपणे लिहा.

ट्रायकोथायोडिस्ट्रॉफीसाठी ध्रुवित प्रकाश लागतो. खास सूक्ष्मदर्शक नसेल तर साध्या सूक्ष्मदर्शकात एक ध्रुवक पट्टी स्लाइडखाली आणि दुसरी वर, एकमेकींना काटकोनात धरून काम भागतं. केस एका पट्टीच्या अक्षाला समांतर आणा. उजळ आणि गडद पट्टे आलटून पालटून दिसले तर तेच वाघाच्या शेपटीचे पट्टे, आणि त्याच केसांत सरळ आडवे तुटलेले भाग मिळतात. केसातलं गंधक कमी असतं, आणि या निष्कर्षाला केसातल्या सिस्टिन या गंधकयुक्त अमिनो आम्लाच्या तपासणीने दुजोरा मिळतो. १९८० साली व्हेरा प्राइस यांनी हे नाव रूढ केलं. ईआरसीसी२ सारख्या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांत दोष असलेल्या मुलांना ऊन सोसत नाही, म्हणून निदान पक्कं होण्याची वाट न पाहता उन्हापासून जपायला सांगावं.

न तुटणाऱ्यांबद्दल थोडक्यात. पिली ॲन्युलाटीत केसावर एकाआड एक चमकदार पट्टे दिसतात, कारण कॉर्टेक्समध्ये हवेच्या पोकळ्या असतात. वरून पडलेल्या प्रकाशात चमकणारा तोच पट्टा स्लाइडखालून आलेल्या प्रकाशात काळा दिसतो, तेव्हा नोंदीत प्रकाश कुठून होता ते हवंच. न विंचरता येणाऱ्या केसांत दंडावर लांबट खोबण असते आणि आडवा छेद त्रिकोणी किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे केस जवळजवळ निर्दोष वाटू शकतात, निदान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने होतं. निम्म्याहून अधिक केस असे असतील तेव्हाच डोक्यावर ते लक्षात येतात. २०१६ साली पीएडीआय३, टीजीएम३ आणि टीसीएचएच ही जनुकं यामागे असल्याचं समोर आलं. वय वाढतं तसे हे केस बहुधा बसतात.

लोकरी केस मात्र हलक्यात घेऊ नका. एलआयपीएच किंवा एलपीएआर६ मधल्या दोषाने येणारे लोकरी केस केसांपुरतेच असतात. पण लोकरी केसांबरोबर तळहात-तळपाय जाड असतील तर नॅक्सोस किंवा कार्वाहाल विकार असू शकतो. जेयूपी किंवा डीएसपी जनुकातल्या दोषामुळे त्यात हृदयाचा स्नायूच बिघडतो, आणि पहिलं लक्षण अचानक बेशुद्धी किंवा मृत्यू असू शकतं. केस जन्मापासून तसे असतात, हृदयाचं लक्षण बरंच उशिरा येतं. म्हणून ईसीजी आणि इको एकदा ठीक आला म्हणून प्रकरण मिटत नाही. ते ठरावीक काळाने पुन्हा करायचे असतात.

सहावी पायरी: नोंद

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते इतकं स्पष्ट लिहा की बाळाला कधीही न पाहिलेल्या डॉक्टरला चित्र उभं करता यावं. उदाहरणार्थ: ‘डोक्याच्या मागच्या भागातून त्वचेलगत कापलेले ३० केस, कोरडी स्लाइड, वस्तुभिंग ४ आणि १० पट, साधा आणि ध्रुवित प्रकाश. २१ केसांत मुळापासूनच नियमित फुगवटे-आकुंचनं, ७ केस आकुंचनाशी तुटलेले. पीळ नाही. ध्रुवित प्रकाशात पट्टे नाहीत. भुवईचे ५ केस निर्दोष.’ यात ‘नाही’ची वाक्यं आहेत तीही तितकीच महत्त्वाची, कारण काय शोधलं आणि सापडलं नाही हे पुढच्याला त्यातूनच कळतं. त्याखाली वेगळ्या ओळीत: ‘संभाव्य निदान: मोनिलेथ्रिक्स’. निरीक्षण आणि मत एकाच वाक्यात मिसळू देऊ नका.

फोटो पालकांच्या लेखी संमतीनेच घ्या आणि संस्थेच्या यंत्रणेतच ठेवा, स्वतःच्या फोनमध्ये नाही. डोक्याचे फोटो समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी, दरवेळी त्याच अंतरावरून आणि त्याच प्रकाशात. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोवर मोजपट्टी हवी. तीन पिढ्यांची वंशावळ आखा आणि त्यात कोणाचे केस प्रत्यक्ष पाहिले, कोणाचे फक्त ऐकले, हे खुणेने दाखवा.

आता कोड. आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मण्यांचे केस, मोनिलेथ्रिक्स आणि पिली ॲन्युलाटी हे क्यू८४.१ खाली येतात. जन्मतः केसच नसणं क्यू८४.० खाली, आणि टिकून राहिलेली लव किंवा जन्मजात अतिकेसाळपणा क्यू८४.२ खाली. मेंकेस इथे येत नाही. तो तांब्याच्या चयापचयाचा विकार म्हणून ई८३.० मध्ये जातो. ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसाला एल६७.० आहे. केस-दंडाचा दोष दिसतो पण प्रकार ठरलेला नाही, अशा वेळी एल६७.९ प्रामाणिक ठरतो. घाईने नेमका कोड लावला की तो पुढच्या प्रत्येक कागदावर पक्कं निदान म्हणून फिरत राहतो. आयसीडी-११ १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि तिची मांडणी वेगळी आहे, तेव्हा संस्था कोणती आवृत्ती वापरते ते आधी बघा. दुर्मीळ विकारांत ओएमआयएम या आनुवंशिक विकारांच्या सूचीतला क्रमांकही लिहावा: मोनिलेथ्रिक्स १५८०००, नेदरटन २५६५००, मेंकेस ३०९४००. जनुकचाचणी पाठवताना लक्षणं ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी या लक्षणांच्या प्रमाणित शब्दसंग्रहाच्या संज्ञांत दिली तर प्रयोगशाळेला नेमकं शोधता येतं. अहवालात ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ आला तर तो तसाच उतरवा, त्याला निदान म्हणू नका.

पालकांशी बोलताना

या मुलांच्या आयांना पुष्कळ ऐकून घ्यावं लागतं: तेल लावत नाही, विंचरत नाही, गरोदरपणात नीट खाल्लं नाही. तपासणी झाल्या दिवशीच, घरातले इतर लोक समोर असताना सांगा की केसाची ही घडण जन्माआधीच ठरलेली आहे आणि कोणाच्या हयगयीने झालेली नाही. तुटणाऱ्या केसांना घासणं, ओढणं, उष्णता आणि रसायनं टाळली तर उरलेले केस टिकतात. याहून मोठं आश्वासन देऊ नका.

सहा महिन्यांनी त्याच जागांचे फोटो आणि नमुने पुन्हा घ्या. तोवर पालकांच्या हाती नोंदीची एक प्रत असू द्या. तिच्यावर संभाव्य निदान, करायच्या तपासण्या, पुढची तारीख, आणि झटके, बेशुद्धी, सततच्या उलट्या किंवा आवाजाला प्रतिसाद न देणं दिसलं तर तारखेची वाट न पाहता यायचं, हे घरच्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा.